नानांचा शेक

आमच्या मेहरूणच्या गल्लीत नानांच्या घरी गेलं, की चहा विचारत नाहीत. शेक विचारतात.

"या भाऊ, या. शेक ली ल्या थोडा," म्हणत नाना हातातली पिशवी काढून घेतात, चष्मा उतरवायला लावतात आणि पुढच्या खोलीतल्या लोखंडी खाटेकडे बोट दाखवतात. "पालथा पडी जा." आपण कशासाठी आलो होतो ते सांगायला तोंड उघडेपर्यंत आपलं तोंड उशीत गेलेलं असतं. पाठीवर एक करड्या रंगाचा मऊ पट्टा येऊन पडतो. त्याची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत गेलेली, मधे आकडे दाखवणारं एक बटन. पट्ट्यावर गोणपाट, गोणपाटावर जुनी गोधडी, आणि गोधडीच्या कडेला स्टूल ओढून बसलेले नाना.

गॅसचं सिलिंडर देणारा माणूस त्या खाटेवर झोपून गेला आहे. विजेचं मीटर बघणारा झोपला आहे. निवडणुकीच्या वेळी प्रचाराला तिघेजण आले, तर नानांनी त्यांतल्या पुढाऱ्याची चाल पाहिली आणि "तुमनी कंबर डावीकडे कलेल शे" असं सांगून त्याला गळ्यातल्या उपरण्यासकट पालथा घातला. बाकीचे दोघे पत्रकं धरून दारात उभे. गोधडीखालून आवाज आला, "नाना, मतदानाच्या दिवशी मात्र आठवण..." नानांनी वरून गोधडी दाबली. "बोलू नका. बोलनं की पाठ हालस."

आणि हे सगळं जळगावात. उन्हाळ्यात, जेव्हा दुपारी डांबर चपलेला चिकटतं आणि नळाचं पाणी हाताला पोळतं. इथे लोक गारव्यासाठी जीव टाकतात, आणि आमच्या गल्लीत एक माणूस दार उघडं टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला शेकायला बोलावतो.

नानांचं आयुष्य केळीच्या वखारीत गेलं. मूळ शिरपूरकडचे, तरुणपणी कामासाठी सावद्याला आले आणि एका व्यापाऱ्याकडे भट्टी लावायच्या कामाला राहिले. भट्टी म्हणजे कच्चे घड बंद खोलीत रचायचे, दार लिंपून टाकायचं, आत ऊब द्यायची आणि केळी पिकेपर्यंत वाट बघायची. आता त्या खोल्या गेल्या, यंत्रं आली. नाना म्हातारे झाले, मुलीने जळगावात घर घेऊन दिलं. सावद्यात एवढी वर्षं काढली तरी बोली शिरपूरकडचीच राहिली आणि डोकं वखारीतच.

त्यामुळे नानांच्या लेखी पाठ हे एक फळ आहे. अंगठ्याने मणक्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बघतात आणि निकाल देतात. "कच्ची शे." किंवा, "गदरायनी आते," म्हणजे पिकायला लागली. फार क्वचित, आणि तेव्हा आवाजात कौतुक असतं, "पिकनी. उठा." दुखणं औषधाने बरं होतं यावर त्यांचा विश्वास नाही. दुखणं पिकतं. पिकलं की गळून पडतं. डॉक्टर लोक ते कच्चं असतानाच ओढतात, म्हणून देठ आत राहतो, असा त्यांचा सिद्धांत आहे.

माझी पाठ ते पहिल्या दिवसापासून कच्चीच म्हणत आले. सुधा, माझी बायको, गेली त्यानंतरच्या दिवसांत लोक भेटायला येत, समोर बसत, जमिनीकडे बघत. काय बोलावं हे त्यांना सुचत नसे, मलाही नाही. नाना आले आणि म्हणाले, "पाठ कशी शे?" मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात बसून काढलेला माणूस, पाठ अर्थातच वाईट होती. उत्तर देता येईल असा प्रश्न त्या महिन्यात मला एकट्या नानांनी विचारला. संध्याकाळी मी त्यांच्या खाटेवर पालथा होतो.

पण हा पट्टा गल्लीसाठी आलेला नव्हता. तो आला होता अक्कांसाठी.

अक्का म्हणजे नानांची बायको. त्यांना लकवा झाला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. बोलण्यातला एकच शब्द राहिला, "हाव," म्हणजे हो. अक्का आधी भरपूर बोलत. नानांशी तर भांडण्याच्या सुरातच बोलत, आणि नाना तेवढ्याच जोरात उत्तर देत. ते सगळं आटून एका शब्दावर आलं. जेवता का, हाव. नको का, हाव. मुलीचा फोन आहे, हाव. आतल्या खोलीत पडून पडून त्यांची पाठ लाकडासारखी झाली होती. कुशीवर वळवताना त्या कण्हत, आणि नाना बाहेर येऊन उगीच अंगणात झाडू मारत.

नाशिकहून मनीषाने, त्यांच्या मुलीने, हा इन्फ्रारेड पट्टा मागवला. खोक्यावर एक परदेशी बाई हसत पालथी पडलेली, तिच्या पाठीतून तांबड्या लाटा आत चाललेल्या. नानांनी पट्टा लावून बघितला, लाटा कुठे दिसेनात. भर दुपारी डोक्यावरून गोधडी घेऊन, अंधार करून, आत शिरून बघितलं. मग माहितीचा कागद घेऊन, किरण कुठे आहेत ते विचारायला माझ्याकडे आले.

"भाऊ, याना किरण कथा शे?"

"ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाना. ऊब आत जाते, एवढंच."

"दिसत नही, मंग शे कसावरून?"

"वखारीतली ऊब दिसायची का तुम्हाला?"

हे त्यांना पटलं. एवढं पटलं, की त्या क्षणापासून पट्टा हा त्यांच्याच धंद्यातला झाला.

मी कागद पुढे वाचला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. ज्यांच्या त्वचेला गरम-गार कळत नाही, किंवा ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी वापरू नये. व्यायाम शिकवायला येणारी डॉक्टरीणबाईही तेच म्हणाली. "आजोबा, आजींना चटका कळणार नाही आणि कळला तरी सांगता येणार नाही. नको."

नाना आत गेले. मी दारातूनच ऐकत होतो.

"अगं, हाई पाठवर लावू का?"

"हाव."

"जास्त ऊन लागनं ते सांगशी का?"

"हाव."

"नको का मंग?"

"हाव."

बाहेर येऊन ते बराच वेळ पट्ट्याच्या वायरीची गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, "तिले नही समजत ना? मी समजी लिसू. वखारमा केळी कधी बोलनी का?"

म्हणजे आमच्या पाठी हा नानांचा अभ्यास होता. कोणत्या आकड्यावर, किती वेळात, कुठे किती ऊन, म्हणजे गरम, लागतं, हे बोलत्या माणसांकडून शिकून घ्यायचं आणि मग न बोलणाऱ्या माणसाला शेक द्यायचा. हे त्यांनी कधी लपवलं नाही. सिलिंडरवाल्यालाही सांगितलं होतं. त्यामुळे ती खाट कुणी नाकारली नाही. आतल्या खोलीचं दार उघडंच असे, आणि पालथं पडलं की अक्कांच्या पलंगाचे पाय समोर दिसत.

अभ्यास मात्र कडक होता. "बरं वाटतंय" असं उत्तर दिलं तर नाना चिडत. "बरं म्हंजे कितलं बरं? बठ्ठा लोके नुस्तं बरं म्हनतस. मी काय समजू?" मग त्यांनी स्वतःच मापं ठरवली. सर्वांत कमी म्हणजे नुकती अंगावरून काढलेली गोधडी. मग चुलीमागची भिंत. मग हातात धरलेला चहाचा स्टीलचा पेला. आणि सर्वांत वर, जिथे पट्टा लगेच बंद करायचा, ती म्हणजे मे महिन्यात उन्हात लावलेल्या स्कूटरची सीट. गल्लीतली भली माणसं उशीत तोंड खुपसून गंभीरपणे ओरडत, "भिंत, नाना! अजून भिंतच!" रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, काही बांधकाम चाललं आहे.

मला ते नेहमी खालच्या आकड्यावर ठेवत. "तुमनी पाठ घाई करानी नही," म्हणत. आणि मग स्टुलावर बसून कसल्या तरी गोष्टी सांगत. कुठल्या साली कुठला घड कसा होता, कोणत्या मालाला कसा रंग चढला. ऐकता ऐकता मला झोप लागे. घरी मला झोप येत नव्हती, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

हे सगळं बिनसलं ते पाटील सरांमुळे. म्हणजे सरांचा दोष काही नाही. पाटील सर शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गल्लीत त्यांच्याइतका सौम्य माणूस नाही. रिक्षावाल्याने चुकीच्या ठिकाणी उतरवलं तरी ते "असू दे, चालणं होईल" म्हणणारे. त्या दिवशी नाना खूप आशेवर होते. सगळी मापं जुळत आली होती, आणि आता एक शेवटचा शेक नीट झाला की उद्या अक्कांना, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी सरांच्या पाठीवर पट्टा ठेवला, वर गोणपाट घातलं, गोधडी घातली आणि गोधडीच्या कडा खाटेखाली घट्ट खोचून टाकल्या.

मी बाजूला पेपर वाचत होतो. थोड्या वेळाने गोधडीखालून सरांचा आवाज आला. "नाना, पेला झाला."

"व्हऊ द्या."

पुन्हा थोड्या वेळाने, "नाना, मला वाटतं सीट."

"आते उघडानं नही, सर. रंग चढी ऱ्हायना."

"थोडं भाजल्यासारखं..."

"मधमाच दार उघडं की बठ्ठा माल खराब व्हस. धीर धरा."

हा वखारीतला पहिला नियम. लिंपलेलं दार मधेच उघडायचं नाही. आत काय चाललंय याची कितीही धाकधूक असली तरी बाहेर बसून राहायचं. नाना आयुष्यभर हा नियम पाळून नावारूपाला आले होते. आणि सर, स्वभावाप्रमाणे, गप्प राहिले. मीही मान वर केली आणि पुन्हा पेपरात घातली, कारण सर काही ओरडले नव्हते.

संध्याकाळी पाटीलवहिनी आल्या. त्या सौम्य नाहीत. सरांच्या पाठीवर पट्ट्याच्या आकाराचा लालभडक चौकोन उमटला होता. फोड नव्हता, पण कडा अशा स्पष्ट, की पट्टीने आखल्यासारख्या.

"नाना, माणूस आहे की केळीचा घड?" वहिनी अंगणातूनच सुरू झाल्या. "भाजतंय म्हणाले ते! दोनदा म्हणाले! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"वहिनी, मी..."

"घरी येऊन मला म्हणतात, 'नानांचा हिरमोड नको व्हायला.' हिरमोड! आत्तापर्यंत उपडे झोपले होते!"

त्यांच्या मागे सर उभे होते. शर्ट पाठीपासून दूर धरून. "तसं फार नाही हो, नाना," ते म्हणाले, "सकाळपर्यंत फिका पडेल," आणि वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते लिंबाच्या झाडामागे सरकले.

गल्लीला हसायला झालं. पुढे कित्येक दिवस सरांना लोक "पिकलात का?" विचारत होते. पण नाना हसले नाहीत. त्यांनी पट्टा गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि कपाटाच्या वर, अगदी भिंतीकडे ढकलून दिला.

मी म्हणालो, "नाना, सरांनी माफ केलंय. एवढं काय त्यात."

ते स्टुलावर बसले होते. समोरची खाट रिकामी.

"भाऊ, ज्याले तोंड शे, त्यानं मी ऐकं नही," ते म्हणाले. "मंग जिले बोलता येत नही, तिनं काय ऐकसू?"

आतून अक्का कण्हल्या, आणि नाना झाडू शोधायला उठले.

त्यानंतर नानांच्या घरी चहा मिळू लागला. तो फार वाईट असतो, हे गल्लीला तेव्हा कळलं. सिलिंडरवाला एकदा खाटेकडे बघून घुटमळला आणि म्हणाला, "नाना, आज नाही का?" नानांनी मान हलवली. पाटील सर स्वतः येऊन म्हणाले, की खरं सांगायचं तर त्या चौकोनाखालची कंबर दुखायची थांबली आहे. नानांना तेही नको होतं. त्यांच्या तोंडची केळीही बंद झाली. कुणाची पाठ कच्ची नाही, कुणाची पिकलेली नाही. दारावरून गेलं तर "बरं शे ना?" एवढंच. "बरं" या शब्दावर चिडणारा माणूस स्वतःच तो वापरू लागला, याचं मला वाईट वाटलं.

एका दुपारी मनीषाचा मला फोन आला. "काका, नाना फोनवर नीट बोलतच नाहीत. आईची पाठ कशी आहे विचारलं की फोन ठेवून देतात. जरा बघून याल का?"

मी गेलो. पुढचं दार लोटलेलं होतं. आवाज दिला, उत्तर नाही. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो.

पट्टा कपाटावरून खाली आला होता. नाना अक्कांच्या पलंगाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते. पट्टा त्यांच्या मांडीवर, वहीसारखा दुमडलेला, आणि त्या घडीत त्यांनी आपले दोन्ही तळहात घातलेले. अक्का भिंतीकडे तोंड करून कुशीवर होत्या. मला वाटलं, नानांच्या हाताला काही झालं.

"हाताला लागलं का, नाना?"

त्यांनी चमकून बघितलं, मग बोटाने गप्प राहायची खूण करायला गेले आणि लक्षात आलं की बोटं पट्ट्यात आहेत. नुसती भुवई वर केली. थोड्या वेळाने हात बाहेर काढले, दोन्ही तळवे आधी स्वतःच्या गालांना लावून बघितले. एका तळव्यावर फुंकर घातली. मग पलंगाच्या काठावर टेकून, पोलक्याच्या खालून, ते हात अक्कांच्या पाठीवर नुसते ठेवले. चोळलं नाही, दाबलं नाही. तव्यावर भाकरी टाकताना बायका हात उलगडतात तसे उलगडून ठेवले.

हात गार झाले की पुन्हा पट्ट्यात. पुन्हा गालांना. पुन्हा पाठीवर. कुठलाही प्रश्न नाही. कितलं ऊन लागस नाही, कथा लागस नाही. मी नानांना एवढा वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं.

"असा फार वेळ लागत असेल," मी हळू म्हणालो.

"लागू द्या ना."

"आणि तुमचे हात?"

"तेच सांगस तुमले," ते कुजबुजले. "असा शेकमा आधी मना हात भाजी. मंग तिनी पाठ. माले समजाशिवाय तिले कायबी व्हवाव नही." आणि मग, जणू एखादी युक्ती सापडलेल्या पोरासारखं, "डॉक्टरीणले मी इचारं. म्हने, हाई चाली."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. निघायला हवं होतं, पण निघवेना. खिडकीबाहेर कुणीतरी भाजीची गाडी ओरडत नेत होतं. अक्कांचं कण्हणं थांबलं होतं, श्वास लांब झाला होता. पाठीचा ताठा थोडा उतरलेला मलासुद्धा दिसत होता, म्हणजे नानांना तर नक्कीच.

नानांनी हात काढून घेतले, पट्ट्यात घालायला. तेवढ्यात अक्कांचा डावा हात, तेवढाच एक चालणारा हात, अंगावरून मागे वळला. चाचपडत त्याने नानांच्या सदऱ्याची बाही शोधली आणि मुठीत धरली.

"अगं, हात थंडा व्हई गयात," नाना म्हणाले. "तापाडी आनस. सोड."

बाही सुटली नाही.

"थंडा शेतस गं. थंडा हात काय कामना?"

अक्कांनी बाही ओढली. नाना माझ्याकडे बघायला लागले, एवढ्या वयात चारचौघांत बायकोने हात धरल्यावर एखादा माणूस लाजावा तसे. मग त्यांनी पट्टा मांडीवरून बाजूला सारला, तो जमिनीवर एकटाच तापत राहिला, आणि आपले गार पडलेले दोन्ही हात त्यांनी तिच्या पाठीवर परत ठेवले.